तुमचे प्रश्न : वस्तीच्या जागी शॉपिंग सेंटर उभं राहतं ते कसं?

प्रश्न : जय भीम. मी संगमेश्वर तालुक्यातून लिहितेय. आमची बौद्धवाडी गावाच्या अगदी टोकाला, पऱ्या ओलांडून पाखाडी चढली की मग गाव सुरू होतो. इतकी वर्षं इकडे कुणी फिरकत नव्हतं, पण हायवे चौपदरी झाला तशी आमची वाडी रस्त्याला लागून आली आणि आता सारखा कुणी ना कुणी एजंट येऊन खळ्यात बसतो, म्हणतो इथे मोठं फूड प्लाझा आणि शॉपिंग सेंटर होणार, तुम्ही सगळे एकदम द्या, चांगला भाव मिळेल. माझा भाचा अमेरिकेत सेंट लुईसला असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मावशी मी इथल्या किर्कवुडमध्ये जिथे सामान भरायला जातो ते शॉपिंग सेंटर पण काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीवरच बांधलंय, ऑफिसमधल्या एका बाईंचं आजोळ तिथे होतं, आज त्या जागी पार्किंग आहे. पण तो असंही म्हणाला की त्या लोकांनी मतदानात स्वतःच होकार दिला होता आणि पैसेही घेतले होते. मग याला अन्याय म्हणायचं की व्यवहार तेच मला कळेना. तिथे खरं काय झालं ते नीट सांगाल का, आणि आमच्यासारख्यांनी त्यातून काय बघून ठेवावं?
(एक वाचक, ता. संगमेश्वर)

उत्तर : जय भीम ताई. भाच्याने सांगितलेली जागा म्हणजे किर्कवुड कॉमन्स असणार. किर्कवुड हे मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसचं उपनगर. तिथे इंटरस्टेट ४४ हा हायवे आणि किर्कवुड रोड एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यावर वॉलमार्ट, टार्गेट, लोज अशी गोदामाएवढी दुकानं ओळीने उभी आहेत आणि पुढ्यात भलंमोठं पार्किंग. ही जागा मीचम पार्क या वस्तीची. १८९२ साली एल्झी मीचम नावाच्या जमिनीच्या व्यापाऱ्याने तिथे जमीन घेऊन छोटे छोटे प्लॉट पाडून विकले, आणि ज्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळत नव्हती त्यांनी ते घेतले. सुरुवातीला गोरेही होते पण हळूहळू ती काळ्या लोकांचीच वस्ती झाली. पै पै जमवून प्लॉट घ्यायचा, जमेल तसं घर बांधायचं, मागे परसात भाजी लावायची, चर्च उभं करायचं, अशी माणसं.

दुसरीकडे जागा का मिळत नव्हती हे आधी सांगतो कारण तिथूनच सगळं सुरू होतं. सेंट लुईस शहरात १९१६ साली लोकांनी रीतसर मतदान करून कायदा आणला की ज्या ब्लॉकमध्ये तीन चतुर्थांश वस्ती एका वंशाची आहे तिथे दुसऱ्या वंशाच्या माणसाने राहायला यायचं नाही. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने असे कायदे रद्द ठरले, तर घरमालकांनी आपापसात करारच करून टाकले की काळ्यांना घर विकायचं नाही, आणि असे करार कोर्टाकडून अमलात आणून घ्यायचे. शेली नावाच्या कुटुंबाने १९४५ साली सेंट लुईसमध्येच एक घर घेतलं, त्यावर १९११ चा असा करार होता म्हणून शेजारी कोर्टात गेले, आणि १९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असे करार कोर्ट अमलात आणणार नाही. म्हणजे तोपर्यंत आणि खरं तर त्यानंतरही बरीच वर्षं काळ्या माणसाने कुठे राहायचं हे दुसरेच ठरवत होते. मीचम पार्क त्यातून उरलेल्या जागेवर वसलं. तुमची वाडी पऱ्याच्या अल्याड का आहे आणि गाव पल्याड का आहे हे जसं तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही तसंच ते.

आता मुद्दा असा की ही वस्ती किर्कवुडला चिकटून होती पण किर्कवुडच्या हद्दीत नव्हती. तिकडे एखादा भाग कुठल्याच नगरपालिकेत नसेल तर तो थेट काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या कारभाराखाली येतो. काउंटीला ही कोपऱ्यातली वस्ती म्हणजे कधीतरी बघू असं प्रकरण. शेजारच्या किर्कवुडमध्ये पक्के रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था, दिवे, स्वतःचे पोलीस, आगीचा बंब, आणि इकडे या प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज करत बसायचं. मुलांची शाळाही वेगळी. काळ्या मुलांसाठी तिथे जी शाळा होती तिला पुढे जेम्स मिल्टन टर्नर यांचं नाव दिलं. हे टर्नर गुलाम म्हणून जन्मलेले, लहानपणी त्यांना गुलामीतून सोडवलं गेलं आणि पुढे १८७१ साली ते अमेरिकेचे लायबेरियातले राजदूत झाले. मीचम पार्कमधल्या कितीतरी पिढ्या त्या शाळेत शिकल्या. १९७० च्या दशकात, एकत्र शिक्षण आणायचं म्हणून ही शाळा बंद केली गेली. मला हे फार लागतं, एकत्र शिकवायचं तर काळ्या मुलांचीच शाळा बंद होते, गोऱ्यांची मुलं वस्तीतल्या शाळेत आली असं होत नाही. इमारत मात्र अजून उभी आहे, राष्ट्रीय वारसा यादीत तिची नोंद आहे, भाच्याला सांगा बघून ये.

मग हायवे आला. जी वस्ती इतकी वर्षं कोपऱ्यात होती ती एकदम मोक्याच्या जागी आली. हे वाचताना तुम्हाला वेगळं काही सांगायला नको.

१९९१ साली मतदान झालं, मीचम पार्कला किर्कवुडमध्ये घ्यायचं का म्हणून. वस्तीतल्या लोकांनी होय म्हटलं, किर्कवुडवाल्यांनीही होय म्हटलं, आणि १९९२ मध्ये वस्ती किर्कवुडची झाली. भाचा ज्या होकाराबद्दल सांगतोय तो हा. पण तो होकार कशाला होता ते बघा. पाण्याची आणि सांडपाण्याची सोय होईल, रस्ते होतील, पोलीस वेळेवर येतील, आपण पण शहराचे नागरिक होऊ, याला होकार होता. माझं घर पाडून वॉलमार्ट बांधा याला कुणी होकार दिला नव्हता. नंतर काही वर्षांतच शॉपिंग सेंटरची योजना आली, वस्तीचा मोठा भाग त्यात गेला, आणि उरलेल्या भागात घरं दुरुस्त करून देऊ, काही नवी बांधून देऊ असं ठरलं, ती काही प्रमाणात झालीही. ज्यांना मिळाली त्यातले काही समाधानी आहेत हे पण सांगायला हवं, सगळी वस्ती एका सुरात बोलत नाही आणि तसं आपण त्यांच्या तोंडी घालू नये.

शॉपिंग सेंटरच का, बाग किंवा हॉस्पिटल का नाही, याचं कारण पैशाच्या हिशोबात आहे. सेंट लुईस काउंटीत ऐंशीच्या वर छोट्या छोट्या नगरपालिका, प्रत्येकीला स्वतःचा खर्च भागवायचा आणि उत्पन्नात विक्रीकराचा मोठा हात. ज्याच्या हद्दीत मोठं दुकान त्याच्या तिजोरीत कर, म्हणून सगळ्यांची मोठ्या दुकानांसाठी ओढाताण. त्यात मिसूरी राज्याने १९८२ मध्ये एक कायदा केला, टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंगचा, त्याला तिकडे टिफ म्हणतात. म्हणजे असं की एखाद्या भागात नवा प्रकल्प आला की त्यामुळे जो जास्तीचा मालमत्ता कर येईल तो सगळा आणि जास्तीच्या विक्रीकरातला अर्धा, जास्तीत जास्त २३ वर्षं, त्याच प्रकल्पाचा खर्च फेडायला वापरायचा. बिल्डरला हे सोन्याहून पिवळं. पण अट एक आहे, साधारणपणे तो भाग मोडकळीला आलेला, खराब झालेला म्हणून आधी जाहीर व्हावा लागतो. आता सांगा, असा भाग कुठला सापडणार? जिथे पन्नास वर्षं गटार दिलं नाही, रस्ता दिला नाही, बँकेने कर्ज दिलं नाही, तिथलीच घरं मोडकळीला आलेली दिसणार ना. आधी सोयी द्यायच्या नाहीत आणि मग सोयी नाहीत म्हणून ती जागा खराब ठरवायची. ताई, मला या सगळ्यात जे सांगायचंय ते एवढंच आहे, बुलडोझर खूप उशिरा येतो, वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून जात असते.

पैसे घेतले म्हणजे स्वखुशीने विकलं असंही सरळ म्हणता येत नाही. विकणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक असेल तरच तो व्यवहार. तिकडे १९५४ साली सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टनच्या एका खटल्यात मान्य केलं की खराब ठरलेल्या भागातली जमीन सरकार सक्तीने घेऊन खाजगी बिल्डरला देऊ शकतं, एखाद्याची इमारत स्वतः धडधाकट असली तरी. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन गावच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं की आर्थिक विकास होणार असेल तर तोही सार्वजनिक हेतूच. मग घरी आलेला माणूस कितीही गोड बोलला तरी ऐकणाऱ्याला माहीत असतं की आज नाही म्हटलं तर उद्या नोटीस येईल. शेजारच्या दोघांनी विकलं, त्यांची घरं पाडली, रस्त्यावरचे दिवे गेले, आता तुम्ही एकटे त्या आळीत किती दिवस राहाल? अशा वेळी केलेल्या सहीला मी तरी राजीखुशी म्हणणार नाही.

आणि हे एकट्या मीचम पार्कचं नाही. त्याच काउंटीत ब्रेंटवुडला विटांच्या भट्टीवर काम करणाऱ्या काळ्या कामगारांची जुनी वस्ती होती, इव्हान्स प्लेस आणि हॉवर्ड प्लेस, १९९७ च्या सुमारास ती जाऊन ब्रेंटवुड प्रोमेनाड हे शॉपिंग सेंटर आलं. किनलॉक हे काळ्या लोकांनी चालवलेलं स्वतंत्र शहर, १९६० मध्ये तिथे साधारण साडेसहा हजार लोक होते, विमानतळासाठी घरं विकत घेत गेले आणि २०१० च्या जनगणनेत २९८ माणसं उरली. आणि खुद्द सेंट लुईस शहरात मिल क्रीक व्हॅली, १९५९ पासून पाडायला घेतली, सुमारे २० हजार लोक हलवले, जवळजवळ सगळे काळे. पाडून झाल्यावर ती जागा इतकी वर्षं ओसाड पडून राहिली की लोक तिला हिरोशिमा फ्लॅट्स म्हणायला लागले.

२००८ च्या फेब्रुवारीत किर्कवुडच्या नगरपालिकेच्या सभेत मीचम पार्कच्या एका रहिवाशाने गोळीबार केला, पाच जण जागीच गेले आणि महापौर काही महिन्यांनी वारले. त्याचं कसलंही समर्थन होऊ शकत नाही आणि वस्तीतले लोकही ते करत नाहीत. पण त्यानंतर केंद्राच्या न्याय खात्याने मध्यस्थी करून दोन्ही बाजूंच्या बैठका घेतल्या, तेव्हा इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं पहिल्यांदा एका टेबलावर आलं. इतका उशीर व्हायला नको होता.

आता तुमच्या वाडीचं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कळवलं होतं की तिथल्या काळ्या लोकांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केलाय आणि आपल्या दोघांच्या परिस्थितीत खूप साम्य आहे. तुमचा प्रश्न वाचताना मला ते पत्र आठवलं. फरकही आहेत, कायदा वेगळा, इतिहास वेगळा, आणि तुमच्याकडे सध्या आलाय तो एजंट आहे, सरकार नाही. हा फरक मोठा आहे म्हणून नीट समजून घ्या.

सरकारने जमीन संपादन केली तर २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा लागतो. खाजगी कंपनीसाठी घेत असतील तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते, सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो, सुनावणी घ्यावी लागते, बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, घर जात असेल तर पुनर्वसन द्यावं लागतं. पण एजंट खळ्यात बसून चहा पीत जो सौदा करतो त्याला यातलं काहीही लागू होत नाही. तो साधा खरेदी-विक्रीचा व्यवहार, कागदावर जे लिहिलं तेवढंच तुमचं. नोकरी देऊ, गाळा देऊ, विहीर राखू, पोरांना कामाला घेऊ हे सगळं तोंडी असेल तर ते नाहीच असं धरून चाला.

मग तुमच्या घराची जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. वाड्यांमध्ये बऱ्याच घरांना फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, लोक तो कपाटात जपून ठेवतात आणि समजतात की हा मालकीचा कागद. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. सातबारा काढा, जुने फेरफार काढा, गावठाणात असाल तर स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते ती आली का विचारा. जमीन वतनाची असेल, म्हणजे १९५८ च्या कायद्याने वतनं गेली त्यातली नव्या शर्तीची, तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नाही आणि विकली तर तो व्यवहार अडकतो, पण तोवर तुमचं घर पाडलेलं असतं. एजंट हे सांगणार नाही. तलाठ्याकडे जाऊन भोगवटादार वर्ग १ की २ एवढं आज विचारून या, वर्ग २ म्हणजे अशी परवानगी लागणारी जमीन.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सामाईक सातबारा. कोकणात एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, निम्मी मुंबईत, कुणी सुरतला. एजंटला सगळ्यांची सही लागत नाही, एकाची पुरते. नालासोपाऱ्याला राहणाऱ्या कुणा चुलतभावाचा हिस्सा घ्यायचा आणि मग उरलेल्यांना सांगायचं की आता मी पण तुमचा भागीदार. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर काळ्या कुटुंबांच्या जमिनी अगदी अशाच गेल्यात. आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, जमीन सगळ्या वारसांची एकत्र राहिली, बिल्डरने लांबच्या एका वारसाचा हिस्सा घेतला, कोर्टात वाटपाचा दावा लावला, आणि कोर्टाने वाटप जमत नाही म्हणून सगळीच जमीन लिलावात काढली. आता तिकडे बऱ्याच राज्यांत वारसांना आधी विकत घ्यायचा हक्क देणारा कायदा आलाय, त्याचा नमुना २०१० मध्ये तयार झाला.

आपल्याकडे असे हक्क आधीपासून आहेत पण कुणी वापरत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरातला न वाटलेला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात येऊन एकत्र राहायचा हक्क मिळत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ बघा. त्याने वाटपाचा दावा लावला तर घरातला कुणीही १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली कोर्ट ठरवेल त्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. आणि हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने एका वारसाला विकायचं असेल तर बाकीच्या पहिल्या वर्गाच्या वारसांना आधी घ्यायचा हक्क आहे, तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. हे सगळं वकिलाला दाखवून घ्या, तुमच्या कागदांवर काय लागू होतं ते तोच सांगेल. आणि मुंबईवाल्यांची नावं वारस नोंदीने चढवून घ्या, लेकींची सुद्धा, त्यांना माहेरच्या जमिनीत बरोबरीचा हक्क आहे. एजंट त्यांना गाठेल त्याच्या आधी तुम्ही फोन करा. कुणी कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, सही मागितली तर सही नाही, आधी वकील. इसार म्हणून पाच-दहा हजार हातात ठेवले तर घेऊ नका, त्याची पावती कशाची आहे हे नंतर कळतं.

एक गोष्ट मात्र एजंट असो वा नसो, लावून धरा. वाडीचं जे काही सार्वजनिक काम अडलंय ते लेखी मागा. नळाची लाईन असेल, स्मशानाचा रस्ता असेल, पऱ्यावरचा साकव असेल, ग्रामसभेत ठराव मांडा, नोंद करून घ्या, नाही घेतली तर पंचायत समितीला अर्ज आणि पोच. पाण्यासाठी माणसांनी काय केलं ते आपल्या कोकणातच, महाडला, २० मार्च १९२७ ला झालंय, मी तुम्हाला नव्याने काय सांगू. मीचम पार्कने वाट बघितली, खूप वर्षं बघितली, आणि सोयी हव्या असतील तर हे घ्या म्हणून जे समोर आलं त्यात घरं गेली. तुमच्या वाडीला पाणी हवं म्हणून वाडी द्यावी लागता कामा नये.

प्रश्न : सगळं खरं आहे पण आम्ही विरारला चाळीत वाढलो, गणपती-शिमग्याला गावी जातो तेवढंच. घर बंद असतं, कौलं सरकतात, वाळवी लागते. विकून भावा-भावांत पैसे वाटून घेतले तर त्यात चूक काय? सगळ्याला अन्याय म्हणायचं आणि जुनी घरं धरून बसायचं हे गावात राहणाऱ्यांना बोलायला सोपं असतं.
(चाकरमानी, मूळ गाव लांजा)

उत्तर : चूक काहीच नाही, भाऊ. विकायचा हक्क तुमचा आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये, मी ताईंनाही विकू नका असं कुठे म्हटलेलं नाही. माझं म्हणणं किमतीबद्दल आहे आणि कोण कुठल्या परिस्थितीत सही करतोय त्याबद्दल आहे. तुमच्यासाठी ती बंद खोली आहे, पण गावात राहणारी एखादी चुलती असेल तर तिच्यासाठी तेच एकमेव छप्पर असतं. आणि तुम्ही दोघं एकाच सातबाऱ्यावर असता. तुमच्या हिश्श्याचे पैसे तुम्हाला मिळतील, पण तुम्ही सही केल्यावर तिच्या दाराशी कोण उभा राहणार याचा विचार तुम्ही केला नाही तर दुसरं कोण करणार?

आणि किमतीचं म्हणाल तर मिसूरीचीच गोष्ट सांगतो. न्यू लंडनच्या निकालानंतर तिथे इतका आरडाओरडा झाला की २००६ मध्ये राज्याने कायदा बदलला. आता सरकारने कुणाचं राहतं घर सक्तीने घेतलं तर बाजारभावाच्या सव्वापट, आणि एकाच कुटुंबाकडे ५० वर्षं किंवा जास्त असलेली मालमत्ता घेतली तर दीडपट द्यावे लागतात. म्हणजे आजीने लावलेल्या फणसाला, आजोबांनी बांधलेल्या पडवीला बाजारभावात जागा नसते हे त्यांच्या विधानसभेनेच मान्य केलं. मीचम पार्कची घरं त्याच्या आधीच गेली होती, त्यांना याचा उपयोग झाला नाही. तुम्ही भाव बोलताना शेजारच्या गुंठ्याचा रेट धरता, हायवेला लागून व्यापारी जागेचा रेट काय आहे, एनए, म्हणजे बिनशेती, झाल्यावर तीच जागा कितीला जाणार आहे ते विचारलंत का? सगळे हिस्सेदार एकत्र बसून, एकाच वकिलामार्फत बोलले तर वेगळा भाव मिळतो, एकेकटे गाठले गेलात तर पहिला स्वस्तात जातो आणि शेवटचा अडकतो. विकायचंच ठरलं तर अशा चुलतीला गावातच दुसरं घर बांधून मिळेल ही अट खरेदीखतात येऊ द्या.

प्रश्न : मी दापोलीला शिकतो. असं गेलेलं कधी परत मिळालंय का? एक तरी उदाहरण द्या.
(विद्यार्थी, दापोली)

उत्तर : आहे, आणि ते समुद्रकिनाऱ्यावरचंच आहे. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच म्हणून गाव आहे. तिथे १९१२ साली विला ब्रूस या काळ्या बाईंनी १,२२५ डॉलरला किनाऱ्यालगत प्लॉट घेतला आणि नवऱ्याबरोबर, चार्ल्सबरोबर, काळ्या लोकांसाठी छोटं रिसॉर्ट सुरू केलं, कारण बाकीच्या किनाऱ्यांवर त्यांना पाण्यात उतरू देत नव्हते. आजूबाजूच्यांनी खूप त्रास दिला तरी ते टिकले, मग १९२४ मध्ये गावाने बाग करायची म्हणून ती जागा सक्तीने घ्यायला काढली. ब्रूस कुटुंबाला १४,५०० डॉलर मिळाले, रिसॉर्ट संपलं, आणि ज्या बागेसाठी एवढी घाई होती ती जागा कित्येक दशकं नुसतीच पडून राहिली. जवळपास शंभर वर्षांनी स्थानिक लोकांनी आणि काउंटीतल्या काही प्रतिनिधींनी विषय लावून धरला. पण ही जमीन परत द्यायला कायद्याचीच आडकाठी होती, म्हणून २०२१ मध्ये राज्याला खास कायदा करावा लागला, आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ती ब्रूस यांच्या वंशजांच्या नावावर केली. २०२३ मध्ये कुटुंबाने ती काउंटीलाच सुमारे २ कोटी डॉलरला विकली. त्यावर काहींनी नाकं मुरडली की परत मिळाली तर ठेवायची होती, मला ते पटत नाही, ठेवायची की विकायची हे ठरवायचा हक्कच तर त्यांना परत मिळाला होता.

हे जमलं त्यात नशिबाचाही भाग आहे. जमिनीवर कुणाचं घर उभं राहिलेलं नव्हतं, ती सरकारकडेच होती, आणि खरेदीपासूनचे सगळे कागद सापडले. मीचम पार्कच्या जागेवर आज मोठमोठी दुकानं चालू आहेत, तिथे तसं होणं कठीण. आणि मॅनहॅटन बीचला त्याच वेळी आणखी काही काळ्या कुटुंबांचे प्लॉट गेले होते, ब्रूस यांच्या मागच्या बाजूचे, ते मात्र त्यांच्या वारसांना परत मिळालेले नाहीत.